माशांची पत्रिका: टाकीत कोणाचं कोणाशी जमतं?

दुकानात गेलं की माणूस आधी रंगाला भुलतो. "ते दोन लाल द्या, तो काळा द्या आणि तो पट्ट्यापट्ट्यांचा एक." पाच मिनिटांत पिशवी फुगते, रबर बँड लागतो आणि ब्राझीलचा, थायलंडचा, आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा आणि केरळच्या ओढ्याचा असे चौघे दोन फुटी टाकीत येऊन पडतात. कोणाला पाणी कसं लागतं, कोण केवढा होतो, कोण कोणाला चावतो, याची चौकशी होतच नाही. लग्नात छत्तीस गुण तपासणारे आपण इथे एकच गुण बघतो: दिसायला बरा आहे ना! मग आठवडाभरात एक मासा गायब, दुसऱ्याची शेपटी फाटलेली आणि दुकानदाराच्या नावानं शिमगा.

टाकीतले मासे भांडतात ते बहुधा आपण चुकीचे शेजारी निवडल्यामुळे. ते कसे निवडायचे, हे सांगणाऱ्या या काही गमतीच्या आणि कामाच्या गोष्टी.

१. पहिली जोडी जमली लंडनमध्ये

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनतज्ज्ञानं काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, असा हिशोब होता. पण जुनी पानं कुजायला लागली आणि पाणी गढूळ झालं. मग त्यानं तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, पाणी निवळलं. त्यांनी घातलेली अंडी गोल्डफिशनी मटकावली. सगळ्यांचं पोट भरलं! १८५० मध्ये त्यानं ही निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. विजेवर चालणारे फिल्टर आणि हीटर फार नंतर आले. सोबती नीट निवडले तर टाकी टिकते, हे त्याआधीच कळलं होतं.

२. तोंडात मावतो तो घास

'मोठा मासा लहान माशाला खातो' या मत्स्यन्यायावर आपल्याकडे राजनीतीची चर्चा झाली. टाकीत तो शब्दशः लागू पडतो. नियमही सोपा आहे: एकाच्या तोंडात दुसरा मावत असेल, तर तो आज ना उद्या आत जाणार.

सगळ्यात फसवी जोडी म्हणजे एंजल आणि नियॉन टेट्रा. दोघेही अॅमेझॉनच्या खोऱ्यातले, दोघांनाही ऊबदार पाणी मानवतं, दुकानात तर शेजारशेजारच्या टाक्यांत असतात. पण रुपयाएवढा आणलेला एंजल वाढून वरखालच्या परांसकट वीतभर उंच होतो. नियॉन मात्र तीन-चार सेंटिमीटरवरच थांबतो. मग एका सकाळी दहाचे सात झालेले असतात आणि एंजल अगदी साळसूदपणे फिरत असतो. त्यानं गुन्हा काहीच केलेला नसतो. लहान मासे हे त्याचं निसर्गातलंही जेवण आहे.

मोठ्या तोंडाचे कॅटफिश याहून बेरकी. दिवसा दगडाआड झोपतात आणि दिवे मालवले की शिकारीला निघतात.

३. दुकानातला शार्क, ताटातला बासा

करड्या-निळ्या रंगाचे, बोटभर लांबीचे, सारखे काचेला समांतर पळणारे 'शार्क' तुम्ही पाहिले असतील. ते शार्क नाहीत. ती मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांमधली पंगेशियस नावाची कॅटफिश आहे. हॉटेलात 'बासा फिले' म्हणून जो मासा समोर येतो, तो आपल्याकडे बहुतेक वेळा हाच असतो! निसर्गात तो सव्वा मीटरपर्यंत वाढू शकतो. तो घाबरटही आहे. कोणी काचेवर टिचकी मारली की बिथरून काचेवरच आपटतो. दोन फुटी टाकीत त्याला कोणताच सोबती शोभत नाही, कारण मुळात टाकीच त्याला शोभत नाही.

लाल शेपटीचा काळा शार्कही शार्क नाही. तो रोहू-कटल्याच्या कार्प कुळातला, मूळचा थायलंडचा. टाकीत स्वतःची हद्द आखून येणाऱ्याजाणाऱ्याला हुसकावणं हा त्याचा मुख्य उद्योग. एका टाकीत एकच ठेवावा. दुकानांत ढिगानं मिळणारा हा मासा त्याच्या मूळ नद्यांत मात्र नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. दुकानात येतो तो माल संवर्धन केंद्रांत तयार होतो.

४. फायटरला आरसाही चालत नाही

फायटर म्हणजे बेटा हा थायलंडचा राष्ट्रीय जलचर. २०१९ मध्ये तिथल्या सरकारनं त्याला तो मान दिला. दोन नर समोरासमोर आले की कल्ले फुगवतात, पर पसरतात आणि मग जुंपते. टाकीसमोर आरसा धरला, तर आपल्याच प्रतिबिंबावर तो तितकाच खवळतो. म्हणून एका टाकीत एकच नर, हा नियम कधीच मोडायचा नाही.

गंमत पुढे आहे. लांब रंगीत शेपटीचा गप्पी नर दिसला की फायटरला तोही प्रतिस्पर्धी वाटू शकतो. उलट साध्या रंगाचे, तळाशी राहणारे कोरिडोरस त्याच्या खिजगणतीतही नसतात. म्हणजे फायटरसाठी सोबती निवडताना रंगीबेरंगी शेपट्या टाळायच्या.

याच्या डोक्यात हवेतला प्राणवायू घेणारा एक खास अवयव असतो. श्वासासाठी तो अधूनमधून वर येतो. त्यामुळे तो पेल्याएवढ्या पाण्यात तग धरतो. त्याला 'तसंच आवडतं' हा मात्र आपण करून घेतलेला सोयीस्कर समज.

५. टवाळांना टोळी द्या

टायगर बार्ब हा सुमात्राकडचा पट्टेरी मासा. एंजलच्या लांब परांचे किंवा फायटरच्या शेपटीचे लचके तोडण्यात पटाईत. पण उपाय मजेशीर आहे. दोन-तीन आणण्याऐवजी आठ-दहा आणा. टोळी मोठी झाली की त्यांची मानापमानाची नाटकं आपसातच रंगतात आणि इतरांना बरीच उसंत मिळते. कमी मासे म्हणजे कमी त्रास, हे गणित इथे साफ चुकतं. अर्थात टोळी केली तरी लांब परांचा, संथ मासा त्यांच्या सोबतीला ठेवू नये.

६. अडीच सेंटिमीटरचा गुंड

टाकीतला सगळ्यात खोडकर मासा केरळमधून येतो. वाटाण्याएवढा म्हणून त्याला पी पफर म्हणतात. लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, डोळे गरगर फिरणारे, चेहरा निष्पाप. पण तोंडात चोचीसारखे दात असतात आणि ते दुसऱ्यांचे पर कुरतडायला सारखे शिवशिवतात. गोगलगाय तर त्याचं आवडतं खाणं. टाकीत गोगलगायींचा सुळसुळाट झाला म्हणून लोक पफर आणतात, आणि गोगलगायी संपल्या की गप्पींच्या शेपट्या कमी व्हायला लागतात. त्याला त्याच्याच जातीबरोबर, भरपूर झाडोऱ्याच्या वेगळ्या टाकीत ठेवावं. आकारावरून स्वभाव ओळखता येत नाही, हे या वाटाण्याकडून शिकावं.

७. तीन नोबेल विजेते आणि त्यांचे मासे

१९७३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तीन प्राणिवर्तनतज्ज्ञांना मिळालं. तिघांनीही माशांचे अभ्यास केले होते आणि तिघांचे निष्कर्ष टाकीवाल्याच्या थेट कामाचे आहेत.

निको टिनबर्गन स्टिकलबॅक माशांवर प्रयोग करत. विणीच्या काळात त्यांच्या नराचं पोट लाल होतं आणि दुसरं लाल पोट दिसलं की तो हल्ला करतो. खिडकीबाहेरून टपाल खात्याची लाल गाडी गेली तरी टाकीतले नर तिच्या दिशेनं चवताळून जात, ही त्यांची आठवण प्रसिद्ध आहे.

कोनराड लोरेंझ यांनी १९६३ च्या आपल्या पुस्तकात प्रवाळातल्या भडक रंगाच्या माशांबद्दल लिहिलं: ते सर्वाधिक भांडतात ते स्वतःच्याच जातीच्या माशाशी. म्हणजे रंगरूप जितकं सारखं, तितकं वैर जास्त.

कार्ल फॉन फ्रिश मधमाश्यांच्या नृत्यासाठी ओळखले जातात. पण १९३८ मध्ये त्यांनी माशांबाबत एक वेगळीच गोष्ट उजेडात आणली. मिनो जातीच्या एका माशाच्या कातडीला जखम झाली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि बाकीचा थवा भीतीनं पांगतो. टेट्रा, बार्ब, कॅटफिश यांच्या मोठ्या गटात ही यंत्रणा आढळते. टाकीत एक गुंड असला की त्याचा मार एकालाच बसतो, धसका मात्र थवाच्या थवा घेऊ शकतो.

८. हे चुंबन प्रेमाचं नव्हे

किसिंग गुरामी टाकीत ओठाला ओठ लावून उभे राहिले की घरातली मंडळी मोबाईल घेऊन धावतात. प्रत्यक्षात ती ताकद आजमावण्याची कुस्ती असते. एकमेकांना ढकलून कोण मागे हटतो ते पाहायचं. त्याच जाड, खरखरीत ओठांनी हा मासा दगडावरचं शेवाळही खरवडून खातो. सोबती निवडताना इतकं लक्षात ठेवा: मासे जवळ आले म्हणजे गूळपीठ जमलं असं नाही. एक मासा सतत कोपऱ्यात किंवा फिल्टरमागे दडलेला दिसला, त्याचा रंग उतरला, तो खायला पुढे येईनासा झाला, तर टाकीत दादागिरी चालू आहे असं समजावं.

९. गोल्डफिशला गोल्डफिशच बरा

सगळ्यात जास्त विकला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकीच्या संगतीत पडणारा मासा म्हणजे गोल्डफिश. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून पाळलेला हा कार्पचा भाऊबंद. त्याला साधारण १८ ते २२ अंश तापमान मानवतं. डिस्कस माशाला मात्र २८ ते ३० अंश लागतं. हीटर लावला तर एक वैतागणार, काढला तर दुसरा.

गोल्डफिशला खरं जठरच नसतं. तो दिवसभर खात राहतो आणि तितकीच घाणही करतो. शिवाय गोलमटोल फॅन्सी गोल्डफिश आणि सडसडीत कॉमेट एकत्र ठेवले, तर अन्न आधी कॉमेटच पळवतो. म्हणून फॅन्सीबरोबर फॅन्सी, कॉमेटबरोबर कॉमेट.

आणि हो, हा पाहुणा चार दिवसांचा नाही. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या एका जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षं जगला. गिनेस बुकात त्याची नोंद आहे.

१०. पाणी दिसायला सारखं, आतून हजारपट वेगळं

ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. कुजलेल्या पाल्यातल्या द्रव्यांमुळे ते आम्लधर्मी असतं. पीएच पाचच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. मलावी सरोवराचं पाणी उलट अल्कधर्मी, पीएच आठच्या आसपास. फरक तीनाचाच दिसतो. पण पीएचचं प्रत्येक घर दहापटीचं असतं. म्हणजे आम्लतेत हजारपट फरक! रिओ नेग्रोतला कार्डिनल टेट्रा आणि मलावीतला सिक्लिड यांचं भांडण झालं नाही, तरी दोघांपैकी एकाला कायम गैरसोयीत राहावं लागणार.

याच नदीकाठचं बार्सेलोस गाव शोभेच्या माशांवर जगत आलं आहे. तिथे माशांचा उत्सव भरतो आणि त्यात दोन संघांची चुरस असते: एक कार्डिनलचा, दुसरा डिस्कसचा. टाकीत मात्र या दोघांचं छान जमतं, कारण दोघांनाही मऊ, ऊबदार पाणी हवं असतं.

तुमच्या घरात बोअरचं जड पाणी येत असेल, तर डिस्कसच्या मागे लागून पाण्याशी झगडण्यापेक्षा गप्पी, मॉली, प्लॅटी आणा. त्यांना असं पाणी मानवतं. आधी पाणी तपासा आणि त्याला साजेसे मासे निवडा.

११. गर्दी करा, भांडणं कमी करा

मलावी सरोवरातल्या खडकाळ किनाऱ्यावर राहणारे म्बुना सिक्लिड निळे-पिवळे, देखणे आणि महाभांडकुदळ. पाच-सहाच ठेवले तर त्यातला दादा एकाला हेरतो आणि त्याचा जीव घेईपर्यंत छळतो. म्हणून जाणकार मुद्दाम थोडी दाटी करतात. वीस-पंचवीस मासे, भरपूर दगड-कपारी आणि दणकट फिल्टर. एवढ्या गर्दीत एकालाच धरून मारणं जमत नाही, मार वाटला जातो. ही युक्ती फक्त अशा सिक्लिडसाठी, तीही मोठ्या टाकीत. नियॉनच्या दीड फुटी टाकीत ती करायला जाऊ नका.

आणखी एक क्लृप्ती: नवे सिक्लिड सोडण्याआधी दगडांची मांडणी बदलून टाकायची. जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळेच नव्यानं जागा शोधू लागतात.

याच सरोवरात लिव्हिंगस्टन सिक्लिड हा अट्टल नाटकी मासा राहतो. तो तळाशी आडवा पडून मेल्याचं सोंग घेतो. लहान मासे टोचून बघायला आले की गट्टम.

१२. सडाफटिंग मंडळी

काही माशांच्या पत्रिकेत लग्नयोगच नसतो. कपाळावर टेंगूळ मिरवणारा फ्लॉवरहॉर्न कुठल्याच नदीत जन्मलेला नाही. १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून तो तयार झाला. फेंगशुईवाल्यांनी त्याला लक्ष्मीचा दूत केलं. घरात लक्ष्मी येवो न येवो, टाकीत दुसरा मासा टिकत नाही. त्याला एकट्यालाच ठेवतात.

ऑस्कर वर्षभरातच वीतभराहून मोठा होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. दक्षिण अमेरिकेतला सिल्व्हर अरोवाना निसर्गात पाण्याबाहेर उंच उडी मारून फांदीवरचे किडे टिपतो. म्हणून त्याला सोबती मिळाला नाही तरी चालेल, टाकीला घट्ट झाकण हवंच. आशियाई अरोवाना तर आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत आहे. त्याच्या पिल्लांना बाप तोंडात सांभाळतो, हे त्याच्या रुबाबाकडे पाहून कोणाला खरं वाटणार नाही.

पॅरट फिशची तऱ्हा निराळी. १९८० च्या दशकात तैवानमध्ये संकरातून तयार झालेल्या या माशाचं तोंड नीट मिटतच नाही. चावायची इच्छा असली तरी त्याला जोरात चावता येत नाही. त्यामुळे खऱ्या सिक्लिडच्या मारामारीत तो नाहक मार खातो.

१३. गप्पीचं कुटुंबनियोजन

महाराष्ट्रात गप्पी मासा कित्येकांना माहीत झाला तो टाकीमुळे नाही, विहिरीमुळे. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खातं तो विहिरींत आणि साचलेल्या पाण्यात सोडत आलं आहे. त्याला हे नाव मिळालं ते रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी यांच्यावरून. त्यांनी १८६६ मध्ये त्रिनिदादहून याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले होते.

गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. मादी नराचं बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते. त्यामुळे "एकटीच आणली होती, पिल्लं कुठून आली?" असा प्रश्न घरोघरी पडतो. नर दिवसभर मादीच्या मागे लागतात म्हणून एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, म्हणजे एकीवरच ताण येत नाही. पिल्लं वाढवायची नसतील तर काळजी नको, आईबापच बरीचशी गिळून टाकतात. वाढवायची असतील तर दाट पाणवनस्पती लावा.

१४. 'क्लीनर' नावाचा गैरसमज

"हा सकर घ्या, टाकी आपोआप साफ राहील." हे दुकानातलं ठरलेलं वाक्य. सकर लहानपणी शेवाळ खातो, हे खरं. पण तो विष्ठा खात नाही, उलट स्वतःच भरपूर करतो. आणि चार इंचांचा हा गडी वाढून फूट-दीड फुटाचा होतो. मोठेपणी त्याला शेवाळापेक्षा आयतं खाणं आवडायला लागतं. भुकेला सकर रात्री डिस्कस, एंजल, गोल्डफिश अशा संथ, चपट्या किंवा गोल माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्यावरचा बुळबुळीत थर खरवडतो, हेही अनेकांनी पाहिलं आहे.

तळासाठी कोरिडोरस हा बरा पर्याय. पण तोही सफाई कामगार नाही. त्याला वेगळं, तळाशी बुडणारं खाणं द्यावं लागतं आणि त्याच्याच जातीच्या पाच-सहा जणांची सोबत लागते. मध्येच तो सुसाट वर जाऊन हवेचा घोट घेतो. ती हवा तो आतड्यातून शोषतो!

१५. सह्याद्रीचं नाव लावणारा मासा

जगभरच्या टाक्यांत मिरवणारा 'मिस केरळ' म्हणजे डेनिसन बार्ब आपल्याच पश्चिम घाटातला. अंगावर लाल पट्टा, त्याखाली काळी रेघ. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या वाहत्या नद्या हे त्याचं घर. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती (जीनस) मांडली आणि तिचं नाव ठेवलं 'सह्याद्रिया'. हे संशोधन करणाऱ्यांत पुण्याच्या आयसर संस्थेतले नीलेश डहाणूकरही होते.

छंदासाठी नद्यांतून तो इतका उपसला गेला की आज धोक्यातल्या माशांत गणला जातो. त्यामुळे घ्यायचाच असेल तर संवर्धन केंद्रात पैदास केलेला मागून घ्या. त्याला चार फुटी टाकी, वाहतं पाणी, भरपूर प्राणवायू आणि किमान सहा जणांचा थवा हवा. झेब्रा डॅनिओसारखे चपळ मासे त्याला शोभतात. संथ गुरामी त्याच्या धावपळीनं दमून जाईल.

१६. समुद्रातले सख्खे शेजारी

खाऱ्या पाण्यात तर निसर्गानंच जोड्या जुळवून ठेवल्या आहेत. पिस्तूल कोळंबी बीळ खणते, पण तिची नजर अधू. गोबी मासा बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. कोळंबी आपली मिशी सतत त्याच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी हलवतो आणि दोघंही बिळात.

क्लीनर रास हा मासा मोठमोठ्या माशांच्या तोंडात शिरून परजीवी किडे टिपतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यानं आरशात पाहून स्वतःच्या अंगावरचा डाग पुसायचा प्रयत्न केला! त्याचीच नक्कल करणारा एक तोतया ब्लेनी आहे. सफाईवाला म्हणून जवळ जातो आणि पराचा लचका तोडून पळतो.

क्लाऊनफिश तर जन्मतः सगळे नर. गटातला सगळ्यात मोठा असतो तो मादी होतो. त्यामुळे जोडी हवी असेल तर दुकानात नर-मादी शोधत बसू नका. दोन कोवळी पिल्लं आणा, कोण नवरा कोण बायको ते त्यांचं ते ठरवतात. आणि २००३ च्या 'फाइंडिंग निमो' सिनेमात आई गेल्यावर निमोचे बाबा खऱ्या समुद्रात निमोची आई झाले असते!

१७. मजले आधी भरा

टाकीची लांबी-रुंदी सगळे मोजतात, उंचीचा विचार थोडेच करतात. झेब्रा डॅनिओ वरच्या थरात, टेट्रा आणि बार्ब मध्ये, कोरिडोरस आणि लोच तळाला. प्रत्येक थरात एक जात निवडली की अर्धी भांडणं होतच नाहीत, कारण वाटाच वेगळ्या. एकाच थरात तीन जाती कोंबल्या तर टाकी वर रिकामी आणि खाली रणांगण, अशी अवस्था होते.

पटकन बघा

जमतं:
- नियॉन टेट्रा, कोरिडोरस आणि हनी गुरामीची एक जोडी
- गप्पी, मॉली, प्लॅटी
- डिस्कस आणि कार्डिनल टेट्रा
- टायगर बार्बची टोळी आणि झेब्रा डॅनिओ

फिसकटतं:
- एंजल आणि नियॉन
- फायटर आणि टायगर बार्ब
- गोल्डफिश आणि सकर
- लाल शेपटीचे दोन शार्क
- ऑस्कर आणि त्याच्या तोंडात मावणारं काहीही

घरी आणल्यावर

नव्या टाकीत पहिल्याच संध्याकाळी वीस मासे सोडू नका. माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर पडणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला काही आठवडे लागतात. तोवर सगळ्यात गुण्यागोविंदानं राहणारे सोबतीही विषारी पाण्यात दगावतात. थोडे मासे आणा, थांबा, मग पुढचे आणा. शांत मासे आधी, दादा लोक शेवटी. हद्द आखून बसलेल्या दादाच्या टाकीत गरीब मासा सोडला तर त्याचे हाल ठरलेले. नवा मासा शक्यतो दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, म्हणजे दुकानातला रोग सगळ्यांना लागत नाही. सोडताना पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवा, थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घाला आणि टाकीचा दिवा मालवा.

एवढं करूनही एखाद्याचं नाहीच जमलं, तर तो मासा दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. नदी, तलाव, विहीर, धरण, कुठेही सोडू नका. टाकीतून असाच बाहेर पडलेला सकर आज आंध्र, केरळ, तमिळनाडू आणि पश्चिम बंगालच्या पाण्यात पसरला आहे. त्याच्या काटेरी परांनी कोळ्यांची जाळी फाटतात आणि स्थानिक माशांच्या जागा आणि खाणं तो बळकावतो. तुमच्या टाकीत ज्याचं कोणाशीच जमलं नाही, त्याला गावच्या तळ्यातल्या माशांच्या गळ्यात बांधू नका.